दक्षिणेकडे तोंड करून

आई, तुम्हाला जाऊन आज महिना झाला आणि खरं सांगू, मी तुमच्यावर भयंकर चिडलेय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी कुठे तुमच्याबद्दल बोलतेय? तुमच्याशीच बोलतेय. आणि आपल्या दोघींत हे काही नवीन नाही. बावीस वर्षं मी तुमची सून, त्यातली वीस तरी आपण भांडण्यात घालवली. उरलेली दोन माझ्या बाळंतपणात आणि तुमच्या मोतीबिंदूत गेली.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं. भेटायला येणारी माणसं दारात चपला काढतात, तुमच्या फोटोला हात जोडतात आणि मान वर करतात तो समोर किचन. पूर्वी मध्ये भिंत होती, आता ती कमरेपर्यंतच आहे, त्यामुळे सगळं उघडं दिसतं. सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरच्या साठेकाकू. "अगंबाई, गॅस दक्षिणेला केलात?" म्हणाल्या आणि त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की जणू डॉक्टरांना जे कळलं नाही ते त्यांना दारातूनच कळलं. मग जो येईल तो तेच. दक्षिणेकडे तोंड करून रांधायचं नसतं. ती यमाची दिशा. घरात म्हातारं माणूस असताना चूल हलवायचीच कशाला? आणि बोलून झालं की सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर. पंचाहत्तर वर्षांची धडधाकट बाई नव्या किचनमध्ये अठरा दिवस राहिली आणि गेली. कशापायी? सुनेच्या हौसेपायी.

माझी हौस! डोंबल माझी हौस! आणि ही माझी हौस आहे असं सगळ्या बिल्डिंगला, तुमच्या लेकीला, विरारच्या वंदनाताईंना, गावच्या चुलत्यांना फोन करकरून सांगितलं कुणी? तुम्ही.

आपलं जुनं किचन आठवा. सात फूट बाय साडेसहा. वसईला गोखिवऱ्यात आपण ही जागा घेतली तेव्हा शेजारी मोकळा प्लॉट होता, खिडकीतून वारा तरी यायचा. मग तिथे इमारत उभी राहिली आणि खिडकीतून त्यांचे सांडपाण्याचे पाइप दिसायला लागले. त्यातही अर्ध्या खिडकीवर तुमची स्टीलची मांडणी. बिल्डरने दिलेल्या चॉकलेटी टाइल्स, काळ्या कडप्प्याचा ओटा, डोक्यावर माळा, माळ्यावर गावाहून आणलेले हंडे आणि कधीच न लागणारी पितळी परात. भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय मिठाचा डबा सापडायचा नाही. दोघी एकाच वेळी आत गेलो की एकीने श्वास घ्यायचा आणि दुसरीने सोडायचा.

मला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. उलट मला ती भिंत हवी होती. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात दिवसभर उभं राहून घरी आलं की भिंतीकडे तोंड करून कणीक मळता येते, कुणाला चेहरा दाखवावा लागत नाही. तुम्ही हॉलमधून "शेंगदाण्याचं कूट जरा बेतानं, आमटी आहे ती, चटणी नव्हे" असं म्हणालात की मी आत टाइल्सना वेडावून दाखवायची. मी घाटावरची, तुम्ही कोकणातल्या. तुमच्या खोबऱ्याने आणि माझ्या कुटाने त्या सात फुटांत बावीस वर्षं मारामाऱ्या केल्या. आता तुम्हाला तिकडून सगळं दिसतच असेल, मग वेडावलेलं तरी कशाला लपवू?

पण तुमचं तसं नव्हतं. रविवारी वंदनाताई मुलांना घेऊन यायच्या, हॉलमध्ये हशा पिकायचा, आणि आतून तुमचा आवाज यायचा, "काय झालं गो? मलाही सांगा!" आणि इकडून कुणीतरी ओरडायचं, "काही नाही आई, नंतर सांगतो." बऱ्याचदा ते मीच असायची. नंतर कुणीही सांगितलं नाही. हसून झालेली गोष्ट परत कोण सांगत बसतं? तुम्ही बाहेर यायचात तोवर विषय बदललेला असायचा, आणि तुम्ही पदराला हात पुसत नुसत्याच हसायचात.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात तुम्ही कोकमं वाळवायला गच्चीवर गेलात आणि तासाभराने ऋचाला माझ्याकडे पिटाळलंत. "आई, आजीने गच्चीवर काहीतरी काढलंय, चल." मला वाटलं पडलात की काय. धावत वर आले तर तुम्ही रांगोळीचा डबा घेऊन उन्हात वाकलेल्या. गच्चीच्या सिमेंटवर ठिपक्यांच्या रांगा. गौरी-गणपतीत काढता तशा, पण एका ठिपक्यापासून दुसरा बरोबर एक वीत. ठिपके जोडून झाले होते आणि मधे मोठा चौकोन तयार झाला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"किचन," तुम्ही म्हणालात. "आत ये. तिकडून नको, तो ओटा आहे. दारातून ये."

मी खरंच दारातून आत आले हो! वेड्यासारखी. तुम्ही मला फिरवून दाखवलंत. इथे बेसिन. इथे खाली ट्रॉल्या, वाकून शोधायला नको. मांडणी जाणार, माळा जाणार, हंडे गावाला परत. सगळं पांढरं. आणि हॉलकडची भिंत कमरेपर्यंत उतरवायची, म्हणजे गॅलरीतलं ऊन थेट आत. त्या उतरवलेल्या भिंतीला लागून ओटा, त्यावर गॅस. आणि गॅससमोर तुम्ही गौरीची असतात तशी दोन पावलं काढली होती.

"बोटं कुठे आहेत बघ," तुम्ही म्हणालात. बोटं हॉलकडे होती.

मी भांडले. भांडणारच. म्हटलं, आई, फोडणीचा धूर सगळ्या हॉलभर होईल. बोंबील भाजले तर सोफा आठवडाभर बोंबलेल. पाहुणा आला की खरकटी भांडी त्याच्या तोंडासमोर. तुम्ही म्हणालात, "मग घासून ठेव." मी म्हटलं, पांढऱ्या टाइल्स हळदीने पिवळ्या होतील. तुम्ही म्हणालात, "पुसायला हात आहेत." मग तुम्ही त्या दोन पावलांवर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "छप्पन वर्षं भिंतीकडे तोंड करून रांधलं गो मी. गावाला चुलीपुढे मातीचा कूड. मुंबईच्या खोलीत मोरीची भिंत. इथे ह्या मेल्या चॉकलेटी टाइल्स. एकदा माणसं बघत रांधायचंय मला."

आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी हसले. "आता या वयात?" म्हणाले.

आई, एवढं एक वाक्य परत घेता आलं असतं तर. कारण तुम्ही ते उचललंत आणि पदराला गाठ मारून ठेवलंत. त्याच रविवारी जेवताना तुमच्या लेकाला, प्रशांतला म्हणालात, "हिला किचन मोकळं करून हवंय रे. बिचारी अंधारात राबते." आत भांडी घेऊन गेल्यावर मी तुम्हाला गाठलं, धडधडीत खोटं का बोललात म्हणून. तुम्ही शांतपणे ताट विसळत म्हणालात, "मला हवंय म्हटलं तर म्हणतील म्हातारीला चळ लागलाय. तुझं वय आहे. तुला शोभतं."

सेहेचाळीस वर्षांची मी, मला शोभतं!

मग मला एकेक आठवायला लागलं आणि डोकंच फिरलं. मिक्सर आला तो बाबांना दातांनी चावत नाही म्हणून. फ्रीज आला तो ऋचाचं औषध थंड राहावं म्हणून. टीव्ही वंदनाताईंच्या मुलांना करमत नाही म्हणून. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा तुम्ही करून घेतलंत ते "प्रशांतच्या जिवाला घोर नको" म्हणून. डोळे कुणाचे होते हो आई? या घरात तुम्हाला म्हणून कधी काहीच हवं नव्हतं? हवं होतं. भरपूर हवं होतं. फक्त दर वेळी दुसऱ्याच्या नावाने. जन्मात एकदा "मला हवंय" म्हणाला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं?

पण मीही तेव्हा गप्प बसले. का, तेही सांगून टाकते. माझ्या नावाने मागितलं आणि प्रशांत लगेच "करू या की" म्हणाला, ते मला आवडलं. बावीस वर्षांत माझ्यासाठी तो इतक्या पटकन कशालाच हो म्हणाला नव्हता. तुमची मागणी मी आयतीच अंगावर घालून मिरवली. तेव्हा नुसतं तुमच्यावर चिडून माझं भागत नाही.

मग रमेश मिस्त्री आले. सोसायटीने इंजिनिअरला आणून भिंत ठोकून बघितली. चार इंची आडभिंत आहे, बिल्डिंगचा भार तिच्यावर नाही, कमरेपर्यंत खुशाल उतरवा, असं तो सांगून गेला. तुम्ही मिस्त्रींना कॅलेंडरच्या पाठीवर काढलेले ठिपके दिलेत. त्यांनी विचारलं, एक ठिपका म्हणजे किती? तुम्ही हात पुढे केलात. त्या माणसाने कमरेची टेप काढून तुमची वीत मोजली. आठ इंच. मग ओट्याची उंची. तुम्ही अनवाणी भिंतीला लागून उभ्या राहिलात, कोपर वाकवलंत आणि त्याच्या थोडं खाली बोट ठेवलंत. "इथे." मिस्त्रींनी पेन्सिलीने खूण केली. तीस इंच.

मी ओरडले, "आई, माझ्या कमरेचं काय? मी साडेपाच फूट आहे!"

"तू वाक," तुम्ही म्हणालात. "मी काही आता वाढायची नाही."

महिनाभर आपण गॅलरीत स्टोव्ह मांडून जेवलो. आणि झालं एकदाचं. जागा तसूभर वाढली नाही, तेच सात बाय साडेसहा. पण पहिल्याच सकाळी गॅलरीतलं ऊन हॉल ओलांडून आत आलं आणि डब्यांवर पडलं. तुम्ही मोहरीचा डबा उघडलात, आत बघितलंत, तळहातावर थोडी घेतलीत आणि म्हणालात, "ह्यात निम्मी नाचणी आहे गो." दोघी खो खो हसलो. कधीपासून फोडणीत नाचणी तडतडवायला बघत होतो कोण जाणे! एवढी वर्षं "तुमची मोहरीच जुनाट" आणि "तुझं तेलच तापत नाही" म्हणून भांडलो होतो.

अठरा दिवस. मी बाहेर असायची म्हणून सगळे नाही बघितले, पण तो रविवार बघितला. वंदनाताई आल्या होत्या. तुम्ही घावणे घालत होतात, हॉलकडे तोंड करून, पदर खोचून. प्रशांत सोफ्यावर बसून ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करत होता, आणि आम्हाला कळायच्या आत तुम्ही हसलात. सगळ्यांच्या आधी. उलथनं हातात तसंच. तव्यावरचा घावणा करपला आणि तो तुम्ही प्रशांतच्याच ताटात वाढलात, "तुझ्यामुळे जळला, तूच खा." त्या दिवशी तुम्ही कुणाला एकदाही काही विचारलं नाहीत.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर "जरा पडते" म्हणालात, ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीचंच थकलेलं होतं. म्हणजे तुम्हाला दम लागत होता. तोही सांगितला नाहीत, कारण तो तुमचा होता ना. दुसऱ्या कुणाच्या नावाने दम लागला असता तर सांगितलं असतंत.

आता आजचं ऐका. महिन्याचा घास होता. तुमच्या पद्धतीने काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे करायला घेतले होते. होळी बाजारातून केळीची पानं आणली होती. साडेअकराला दारात रमेश मिस्त्री आणि मागे हमालाच्या डोक्यावर सिमेंटची गोणी. मी प्रशांतकडे बघितलं तर तो पंख्याकडे बघत होता. त्याने आणि ताईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. भिंत परत वर घ्यायची, गॅस परत पूर्वेला न्यायचा. "मनाला शांती मिळेल," प्रशांत म्हणाला. ताई म्हणाल्या, "माझी आई गेलीय. तुझी हौस झाली ना अठरा दिवस? आता पुरे."

माझ्या हातात वडा होता. तो मी तेलात सोडला, हात धुतले आणि जिथे उभी होते तिथूनच बोलले. आता मध्ये भिंत नाही, ओरडावंही लागलं नाही. म्हटलं, "हे किचन मी मागितलेलं नाही. आईंनी मागितलं. स्वतःसाठी. मी तर विरोध केला होता, हसले होते त्यांना."

ताई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं गं."

आई, तळपायाची आग मस्तकात गेली. कारण बरोबरच होतं ना त्यांचं! जन्मभर तुम्ही आमच्या नावांवर खपवलंत, आता मी तुमच्या नावावर खपवतेय असंच दिसणार. आणि साक्षीला तुम्ही नाही. मला रडूच कोसळलं, रागाने. वडे काढायला वाकले तर कमरेत कळ आली, रोजच्यासारखी. आणि ती कळच माझ्या कामी आली.

"ताई," मी म्हटलं, "इकडे या. या ओट्याशी उभ्या राहा."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून. एकदाच."

त्या आल्या. रागातच आल्या. तुमची उंची त्यांनी घेतलीय, सगळे म्हणतातच. ओट्याशी उभ्या राहिल्या, सवयीने हात पुढे गेला, झारा उचलला. कोपर जिथे असायला हवं तिथे बरोबर बसलं. मी शेजारी उभी राहिले, अशी, वाकून. म्हटलं, "मी माझ्या हौसेने करून घेतला असता तर ओटा माझ्या उंचीचा केला असता ना? रोज रात्री कंबर शेकते मी."

ताई झारा धरून तशाच उभ्या. समोर हॉल, सोफा, प्रशांत, ऋचा, तुमचा फोटो. इथून सगळ्यांचे चेहरे दिसतात हे त्यांना बहुतेक पहिल्यांदाच दिसत होतं. मग त्या अशा रडायला लागल्या, तशा दहाव्यालाही रडल्या नव्हत्या. "सगळं इथून दिसतंय गं," एवढंच म्हणत होत्या.

दारातून मिस्त्री म्हणाले, "ओट्याचं माप आजींनीच दिलेलं ना. ठिपकेबी त्यांचेच. कागद अजून आहे माझ्याकडे." मी जवळजवळ किंचाळले, मग इतका वेळ का नाही बोललात? तर म्हणतात, "मला कुणी विचारलंच नाही, वहिनी."

प्रशांतचा चेहरा मात्र बघवेना. तुमच्या फोटोकडे बघत म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिने? मी नाही म्हटलं असतं का?" मी त्याला म्हणाले, "तू विचारलंस कधी, आई तुला काय हवंय? मीही नाही विचारलं." त्यावर त्याने उठून मिस्त्रींना चहा दिला आणि गोणी परत न्यायला सांगितली.

ताई अजून माझ्याशी नीटसं बोललेल्या नाहीत. जाताना साठेकाकू जिन्यात भेटल्या, त्यांनी परत दक्षिण काढली, तर ताईच त्यांच्यावर वस्सकन ओरडल्या. "माझ्या आईने करून घेतलंय ते. तिला हवं होतं." मी दारात उभी राहून ऐकलं. तुमच्या नावाने, तुमच्यासाठी, हे वाक्य या घरात कुणीतरी पहिल्यांदाच बोललं.

ओटा तीस इंचांचाच राहणार. माझी कंबर गेली खड्ड्यात. मोहरी आणि नाचणी आता वेगळ्या बरण्यांत आहेत. कुटाचं भांडण मात्र माझ्याकडून मिटलेलं नाही, ते मी तिकडे येऊन पुढे चालवीन.

मघाशी सगळे गेल्यावर ओटा पुसत होते, तर ऋचा आणि प्रशांत हॉलमध्ये कशावरून तरी हसले. तुमच्या मागे पहिल्यांदाच कुणीतरी या घरात हसलं. मी ऐकलं, मलाही हसू आलं. आणि मग तुमची वाट बघितली, आवाज येईल म्हणून. "काय झालं गो? मलाही सांगा!" बावीस वर्षं आम्ही तुम्हाला नंतर सांगतो म्हणत आलो.

तर आई, हे झालं.